आधी मोजा, मग पाना उचला: जुनी मारुती ८०० घरी सांभाळताना

आमच्याकडे १९९७ सालची पांढरी मारुती ८०० आहे. बाबांनी ती नवी घेतली तेव्हा मी कॉलेजात शिकत होते. आता बाबा नाहीत, गाडी आहे. गेली अकरा वर्षं तिचं बहुतेक काम मी कर्वेनगरला आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतः करते. मी मेकॅनिक नाही. एका कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये सहायक आहे. मुलांना मीटर लावून देणं, सैल तारा शोधणं, आकडे नीट लिहून घेतात की नाही ते बघणं, हे माझं रोजचं काम. तीच सवय मी गाडीला लावली.

सुरुवात सेल्फपासून, म्हणजे इंजिन सुरू करणाऱ्या मोटरपासून झाली. त्या हिवाळ्यात सकाळी किल्ली फिरवली की सेल्फ जड फिरायचा, दोन-तीन वेळा रडायचा आणि मग कशीबशी गाडी लागायची. बॅटरी जेमतेम सहा महिन्यांची होती. एका गॅरेजमध्ये नेली. त्यांनी बॉनेट उघडलं, एकदा किल्ली फिरवली आणि सांगितलं, "सेल्फ गेला, नवा टाकायला लागेल." मीटर कुणी लावलाच नाही. मी गाडी तशीच घरी आणली, रविवारी मल्टिमीटर घेऊन बसले आणि तासाभरात दोष सापडला. बॅटरीकडून इंजिनकडे येणाऱ्या अर्थिंगच्या पट्टीचं टोक गंजलं होतं. खर्च आला एका पॉलिश पेपरचा. सेल्फ आजही तोच आहे.

म्हणून घरी काम करायचं असेल तर माझं पहिलं सांगणं हेच: पार्ट बदलून बघू नका, दोष शोधा. एका वेळी एकच गोष्ट बदला. बदलण्याआधी काय होतं आणि नंतर काय झालं, ते वहीत लिहा. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि गाडी सुधारली, तर कशाने सुधारली ते कधीच कळत नाही, आणि सहा महिन्यांनी तोच त्रास पुन्हा आला की तुम्ही जिथे होता तिथेच असता.

हत्यारं आणि सामान

सुरुवातीला फार काही लागत नाही. ८ ते १९ मिलिमीटरचे रिंग पाने आणि फिक्स पाने, गोटी पान्यांचा एक बरा सेट, प्लग पाना, पकड, चांगल्या पोलादाचे दोन स्क्रू ड्रायव्हर, फिलर गेज (बारीक फट मोजायच्या पात्या), मल्टिमीटर, डोक्याला लावायची बॅटरी आणि भरपूर जुनं सुती कापड. नट ढिला करताना रिंग पानाच वापरा. फिक्स पाना नटाच्या दोनच बाजू धरतो, त्यामुळे गंजलेल्या नटाचे कोपरे गोल होतात आणि मग तो नट निघता निघत नाही. जाम नटाला आदल्या रात्री गंज सोडवणारं ऑईल मारून ठेवा, सकाळी तो निम्म्या जोरात सुटतो.

पाने मी रविवार पेठेतल्या बोहरी आळीतून घेतले. जुन्या बाजारातही, बुधवारी आणि रविवारी, वापरलेले पण अस्सल पाने मिळतात. रिंगच्या आतले कोपरे झिजलेले नाहीत ना, एवढं बोट फिरवून बघा. जॅक मात्र जुना घेऊ नका.

पार्टसाठी नाना पेठ. मारुती ८०० चं उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबलं, तरी इंजिनचे पार्ट अजून मिळतात, कारण हेच ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन ओम्नीतही होतं आणि ओम्नी २०१९ पर्यंत निघत होती. दुकानात जाताना जुना पार्ट पिशवीत घालून न्या आणि काउंटरवर शेजारी ठेवून बघा: आटे, लांबी, भोकांमधलं अंतर. "मारुतीचंच आहे ताई, बसेल," एवढ्यावर पैसे देऊ नका. कार्ब्युरेटरची (त्यात हवा आणि पेट्रोल मिसळतं) गाडी आणि नंतरची इंजेक्शनची गाडी, दोन्ही ८००च, पण कितीतरी पार्ट वेगळे.

गाडी उचलताना

इथे मी कुणाचंही ऐकत नाही आणि तुम्हीही ऐकू नका. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही. जॅक फक्त उचलण्यासाठी, तोलायला घोडी, म्हणजे गाडीखाली ठेवायचा लोखंडी स्टँड. विटा चालत नाहीत, सिमेंटचे ब्लॉकही नाहीत. भार एका बिंदूवर आला की ते न सांगता फुटतात. घोडी गाडीच्या पुस्तिकेत दाखवलेल्या जागीच लावा. जुन्या गाडीत तिथला पत्रा आधी स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघा. टणक आवाज आला पाहिजे. भसका आवाज आला तर आतून गंज आहे, तिथे टेकवू नका.

हँडब्रेक मागच्या चाकांवर काम करतो हे लक्षात ठेवा. पुढची बाजू उचलली तर हँडब्रेक ओढा आणि मागच्या चाकांमागे लाकडी ठोकळे लावा. मागची बाजू उचलली की हँडब्रेकचा उपयोग संपला; तेव्हा गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा, कारण ८०० पुढच्या चाकांवर चालते, आणि पुढच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे लावा. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे ढिले करा. काढलेलं चाक गाडीच्या पत्र्याखाली आडवं सरकवून ठेवा. आमच्या पार्किंगला रॅम्पकडे हलका उतार आहे, म्हणून मी गाडी आधी सपाट जागी ढकलून नेते. त्यासाठी शेजारच्या काकांना हाक मारावी लागली तरी मारते.

वीज: सगळ्यात जास्त फायदा इथे

जुन्या गाडीची निम्मी दुखणी खरं तर गंजलेल्या जोडांची असतात. मल्टिमीटर तीन-चारशे रुपयांत मिळतो आणि पहिल्याच वर्षी स्वतःची किंमत वसूल करतो.

रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीवर सकाळी मीटर लावा. १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली, १२.४ म्हणजे बरी, १२ च्या खाली गेली तर जवळजवळ रिकामी. मग गाडी चालू करून पुन्हा बघा. १३.८ ते १४.५ च्या मध्ये आकडा हवा. तो १२.५ वरच अडला असेल तर अल्टरनेटर (इंजिनच्या बेल्टवर फिरून बॅटरी भरणारं यंत्र) चार्ज करत नाही, आणि नवी बॅटरी टाकून काहीही होणार नाही. आधी बेल्ट सैल आहे का ते अंगठ्याने दाबून बघा. साधारण एक सेंटिमीटरहून जास्त दबला तर ताण द्या.

आता ती अर्थिंगची चाचणी. इग्निशन कॉइलची (प्लगच्या ठिणगीसाठी वीज देणारी) बारीक तार काढून ठेवा म्हणजे इंजिन लागणार नाही. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. मीटर २० व्होल्ट डीसीवर. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर ठेवा. खांबावरच, क्लिपवर नाही. लाल पिन इंजिनच्या उघड्या, स्वच्छ धातूवर. कुणाला तरी तीन-चार सेकंद किल्ली फिरवायला सांगा आणि आकडा बघा. माझ्याकडे भाची बसली होती, तिला म्हटलं, "फिरव," आणि मीटरवर १.४ आले. ०.३ च्या आत यायला हवेत.

हे एवढं का महत्त्वाचं? सेल्फ फिरताना शंभर अँपिअरच्या आसपास करंट ओढतो. १.४ भागिले १०० म्हणजे ०.०१४ ओहम. एवढा बारीक रोध साध्या मीटरच्या ओहमच्या कप्प्यात दिसतच नाही. तिथे तार "चांगली" दाखवते. नुसती तार तपासली असती तर मीही फसले असते. रोध तेव्हाच उघडा पडतो जेव्हा त्यातून खरोखरचा करंट जातो, म्हणून भार असतानाच मोजायचं.

मी काळी पिन खांबावरच ठेवून लाल पिन एकेक टप्पा पुढे नेली. क्लिपवर ०.०५. पट्टीच्या बॅटरीकडच्या टोकावर ०.१. पट्टीच्या दुसऱ्या टोकावर, नटाच्या अलीकडे, ०.१५. नटाच्या पलीकडे, धातूवर, १.४. म्हणजे सगळा घोटाळा त्या एका नटाखाली. नट काढला तर खाली करड्या-हिरव्या पुटाचा थर. निगेटिव्ह केबल आधी सोडून दोन्ही पृष्ठभाग पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासले, नवा वायसर टाकला, नट आवळला आणि वरून पेट्रोलियम जेलीचा हात दिला. पुन्हा मोजलं तर ०.१६. किल्ली फिरवली आणि सेल्फ असा झटकन फिरला की भाची दचकली.

बॅटरी सोडताना निगेटिव्ह पहिली, लावताना निगेटिव्ह शेवटची. उलट केलंत आणि पाना पॉझिटिव्हवरून पत्र्याला टेकला तर ठिणगी उडते, पाना लाल होतो. हातातली अंगठी, बांगड्या काढून ठेवा. खांबांवर पांढरा-हिरवा फुलोरा आला असेल तर कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने धुवा.

आणखी एक, ज्यांची गाडी आठवडाभर उभी राहते त्यांच्यासाठी. बॅटरी पुन्हा पुन्हा उतरत असेल तर किल्ली काढून, दारं लावून, निगेटिव्ह केबल सोडून तिच्या आणि खांबाच्या मध्ये मीटर दहा अँपिअरच्या कप्प्यात लावा. पन्नास मिलिअँपिअरच्या आत करंट हवा. माझ्या गाडीत दोनशे होता. पस्तीस अँपिअर-तासांची बॅटरी या हिशोबाने आठवड्यात संपते. एकेक फ्यूज काढत गेले. म्युझिक सिस्टिमचा फ्यूज काढताच आकडा खाली आला. नंतर बसवलेल्या वस्तूंच्या तारा बहुतेक घाईत जोडलेल्या असतात, पहिला संशय त्यांच्यावर. हा मीटर लावलेला असताना चुकूनही सेल्फ मारू नका, मीटर जळेल.

ऑईल

हे काम सोपं आहे, म्हणून थोडक्यात. गाडी दहा मिनिटं चालवून आणा, म्हणजे ऑईल पातळ होतं आणि तळाचा गाळ घेऊन बाहेर पडतं. ड्रेन नटाला नेमका बसणारा रिंग पाना लावा. शेवटचे आटे हाताने सोडवताना नट वरच दाबून धरा आणि एकदम बाजूला काढा. दर वेळी नवा वायसर. नव्या फिल्टरच्या रबरी रिंगला ऑईलचं बोट लावून तो हाताने बसवा. रिंग टेकली की आणखी पाऊण फेरा, पाना लावायचा नाही. या इंजिनला तीन लिटरच्या आतबाहेर ऑईल लागतं. एकदम ओतू नका, शेवटचं थोडं थोडं घालत ऑईल मोजायच्या काडीवरच्या दोन खुणांच्या मध्ये आणा.

काडीवरचं किंवा टोपणाखालचं ऑईल दुधाळ, चहासारखं दिसलं तर इंजिन चालू करू नका. पाणी ऑईलमध्ये शिरलंय, बहुधा हेड गॅसकेट, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाखालचं सील, गेलंय.

निघालेलं काळं ऑईल गटारात ओतू नका. आपल्याकडची गटारं नाल्यांना आणि नाले मुठेला मिळतात. मी ते डब्यात भरून वारज्याच्या वाटेवर एक लहान गॅरेज आहे, तिथल्या चाचांच्या पिंपात ओतून येते. त्यांचं ऑईल पुनर्वापरासाठी घेऊन जाणारे येतात.

गाडी गरम होते तेव्हा

२०१६ च्या मे महिन्यात आम्ही वाईला निघालो होतो. खंबाटकीच्या चढावर ट्रकांच्या मागे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगत असताना तापमानाचा काटा वर सरकायला लागला. बाजूला घेऊन बंद केली. आई म्हणाली, "पाणी घाल की गं त्यात." मी पाऊण तास रेडिएटरच्या टोपणाला हात लावला नाही.

कारण असं. पुणं समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे, इथे उघड्या भांड्यात पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. रेडिएटरचं टोपण आत दाब धरून ठेवतं, त्या दाबाखाली तेच पाणी ११५ च्या पुढे जाईपर्यंत उकळत नाही. टोपण उघडलं की दाब गेला, आणि ११० अंशांवरचं पाणी एका क्षणात वाफ होऊन तोंडावर येतं. वरचा होज पाइप कापडातून दाबल्यावर मऊ लागेपर्यंत थांबा.

याच कारणाने टोपण स्वतःही तपासायला हवं. त्याचं रबर कडक झालं किंवा स्प्रिंग सैल झाली की दाब धरत नाही, मग बाकी सगळं ठीक असून गाडी घाटात उकळते. सगळ्यात स्वस्त पार्ट, म्हणून मी तो आधी बघते.

त्या दिवशी मात्र दोष पंख्यात होता. घाटात गाडी गार झाल्यावर टोपणापर्यंत पाणी भरून, ट्रकांची गर्दी टाळत वाई गाठली. घरी परतल्यावर गाडी उभ्या जागी चालू ठेवली. काटा अर्ध्याच्या वर गेला तरी रेडिएटरचा पंखा ढिम्म. आता पंख्याची मोटर गेली, फ्यूज गेला, की पंखा चालू करणारा स्विच गेला? इंजिन बंद करून स्विचचा कनेक्टर काढला, त्यातल्या तारा एका तुकड्याने जोडल्या, किल्ली ऑन केली. पंखा गरगर फिरला. म्हणजे मोटर, फ्यूज, तारा सगळं चांगलं, स्विच मेला. दोन मिनिटांची चाचणी. या पंख्याजवळ हात घालताना बॅटरीची केबल सोडलेली असू द्या, तो न सांगता सुरू होतो.

नळाचं पाणी रेडिएटरमध्ये घालू नका. क्षार साठून बारीक नळ्या बुजतात. तयार कूलंट किंवा कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर समसमान. दोन वर्षांनी बदला. भरताना होज हलके दाबत जा, हवेचे बुडबुडे बाहेर येऊ द्या, आणि पहिल्या फेरीनंतर गाडी गार झाली की पातळी पुन्हा बघा.

प्लग, पावसाळा आणि पेट्रोल

गाडी मिसिंग मारायला, म्हणजे अडखळत चालायला लागली की बहुतेक जण थेट कार्ब्युरेटरचे स्क्रू फिरवायला जातात. कृपा करून थांबा. आधी ठिणगी, मग पेट्रोल.

प्लग गार इंजिनवरच काढा. हेड अॅल्युमिनियमचं आहे, गरम असताना आटे जातात. तारा एकेक करून काढा आणि त्याच जागी परत लावा. तिन्ही प्लग कागदावर क्रमाने मांडा आणि उन्हात बघा. टोकाचा रंग बिस्किटासारखा असेल तर उत्तम. कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय, चोक अडकलाय किंवा एअर फिल्टर बुजलाय. ओलं, तेलकट काळं असेल तर ऑईल वर येतंय. तिन्हींचा रंग सारखा असेल तर कारण सामाईक आहे. एकच वेगळा असेल तर दोष त्या सिलिंडरचा किंवा त्या तारेचा. प्लगच्या टोकाशी असलेली फट फिलर गेजने पुस्तिकेत दिल्याप्रमाणे करा.

परत बसवताना एक युक्ती, जी मला चाचांनी शिकवली. वीतभर जुना पेट्रोलचा पाइप प्लगच्या वरच्या टोकावर बसवायचा आणि त्याने प्लग फिरवायचा. आटे सरळ लागले तर प्लग लोण्यासारखा आत जातो. वाकडे लागले तर पाइपच घसरतो, जोर पोचतच नाही. "ताई, हाताने गेला तेवढाच खरा," ते म्हणतात. टेकल्यावर मग प्लग पाना: नव्या प्लगला अर्धा फेरा, जुन्याला अगदी थोडा.

जुलैत, आठ दिवस झड लागली की सकाळी सेल्फ छान फिरतो पण गाडी लागत नाही, असं होतं. डिस्ट्रिब्युटरचं (प्लगना ठिणगी वाटून देणारा भाग) टोपण काढून आत बोट फिरवा, ओल लागेल. सुक्या कापडाने टोपण आणि आत फिरणारा रोटर पुसा, टोपण तासभर घरात कोरड्या जागी ठेवा. पुसताना आतल्या बाजूला पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसते का ते नीट बघा. ती रेघ म्हणजे तडा. त्यातून ठिणगी पळून जाते आणि कितीही पुसलं तरी उपयोग नाही, टोपण बदलायचं. प्लगच्या तारा तपासायला रात्री पार्किंगचा दिवा बंद करून इंजिन चालू ठेवा. कुठे निळसर ठिणग्या नाचताना दिसल्या तर ती तार गेली.

पेट्रोलबद्दल एक काळजीची गोष्ट. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. आपल्या गाड्यांचे जुने रबरी पाइप त्यासाठी बनवलेले नव्हते. ते फुगतात, मऊ पडतात, भेगाळतात. टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंत प्रत्येक पाइप हाताने वाकवून बघा, घाम आल्यासारखा ओला लागतो का, वास येतो का. मी सगळे पाइप इथेनॉल चालणारे टाकून घेतले, क्लिपसुद्धा नव्या. फिल्टर बदलताना त्यावरचा बाण इंजिनकडे हवा. या कामाच्या वेळी इंजिन गार, बॅटरी सोडलेली, आणि जवळपास देवघरातली निरांजनसुद्धा नको. इथेनॉल पाणीही ओढून घेतं, म्हणून टाकी महिनोन् महिने अर्धी ठेवू नका आणि आठवड्यातून एकदा गाडी अर्धा तास तरी रस्त्यावर फिरवा. पार्किंगमध्ये पाच मिनिटं चालू ठेवून बंद करण्याने उलट प्लग काळे पडतात.

गंज

मारुतीचं इंजिन तुम्हाला पुरेल, पत्रा पुरणार नाही. म्हणून माझं सगळ्यात जास्त लक्ष पाण्याकडे असतं.

आमच्या गेटजवळ गुलमोहर आहे. त्याची पानं तांदळाएवढी. ती काचेखालच्या जाळीतून आत जातात, तिथे त्यांचा काळा, चहाच्या चोथ्यासारखा लगदा होतो आणि पाणी जायची वाट बुजते. मग ते पाणी गाडीच्या आत, पायाखालच्या मॅटखाली उतरतं. वरून मॅट कोरडी दिसते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये, भिडे पूल पाण्याखाली होता त्या आठवड्यात, मला गाडीत ओल्या गोणपाटासारखा वास आला. मॅट उचलली तर खालचं फेल्ट पिळता येईल एवढं भिजलेलं, आणि ड्रायव्हरच्या टाचेखाली पत्र्यावर नारिंगी डाग, हाताच्या तळव्याएवढा. स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघितलं. टोक आरपार गेलं नाही, म्हणून वाचला.

अशा वेळी आधी पाणी कुठून येतं ते थांबवा, रंग नंतर. मग तारेच्या ब्रशने सुटा गंज काढा, ८० नंबरच्या आणि पुढे १२० नंबरच्या पॉलिश पेपरने चमकता पत्रा लागेपर्यंत घासा, डागाच्या कडेबाहेर दोन बोटं जास्तच. थिनरने पुसा, रेडऑक्साइडचे दोन हात, प्रत्येक हात पूर्ण वाळू द्या, मग रंग. पावसाळ्यात हे काम करू नका, रंगाखाली ओल कोंडते. मी तेव्हा फक्त घासून, वाळवून प्राइमर मारला आणि रंग दिवाळीनंतर दिला. ओलं फेल्ट परत टाकू नका, उन्हात दोन-तीन दिवस कडकडीत वाळवा.

दर महिन्याला खराट्याची काडी घेऊन दारांच्या खालच्या कडेची पाणी जायची भोकं मोकळी करा. बॅटरीखालचा ट्रे आणि स्टेपनीखालची जागाही बघा.

जे मी करत नाही

ब्रेक फ्लुइडची पातळी आणि रंग मी बघते, पुढचे पॅड तीन मिलिमीटरच्या खाली आले की ओळखते, मागचे लायनर झिजलेत का ते ड्रम काढून बघते. पण ब्रेकचे सिलिंडर, पाइप, हवा काढणं हे चाचांकडे. ब्रेक फ्लुइड हवेतली ओल शोषतं, म्हणून दोन वर्षांनी ते बदलून घेते. टायमिंग बेल्ट, स्टीअरिंगचे जॉइंट, वेल्डिंगही त्यांच्याकडेच. पूर्ण वळण घेताना पुढून कट-कट आवाज आला तर एक्सलचं रबरी बूट फाटलं आहे का ते मी स्वतः बघते आणि सांगते. फाटलेलं बूट लवकर सापडलं तर जॉइंट वाचतो. चाचांकडे जाताना वही बरोबर असते. "गाडी बरोबर नाही" असं सांगण्यापेक्षा आकडे दाखवले की कामही नेमकं होतं आणि बिलही.

कागदांचंही वहीत लिहा. पंधरा वर्षांनंतर नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते, गाडी आरटीओत दाखवून, पर्यावरण कर भरून. वीस वर्षांवरच्या मोटारीला नोंदणी नव्याने करायची फी ऑगस्ट २०२५ मध्ये १०,००० रुपये झाली, तिची तयारी ठेवा. आपल्या वयाच्या गाडीला पीयूसी दर सहा महिन्यांनी. त्यावरचा कार्बन मोनॉक्साइडचा आकडा फेकून देऊ नका. या जुन्या गाड्यांना मर्यादा ३ टक्के आहे, पण मागच्या वेळी १.१ होता आणि या वेळी २.४ आला तर पास होऊनही काहीतरी बदललंय: एअर फिल्टर, चोक, प्लग, या क्रमाने बघा.

काम झाल्यावर

हत्यारं मोजून परत पेटीत ठेवा. एखादा पाना कमी भरला तर तो इंजिनवर कुठेतरी आहे, तो सापडेपर्यंत किल्ली फिरवू नका. मग लगेच लांब जाऊ नका. मी राजाराम पुलापर्यंत जाऊन परत येते, वाटेत एकदा मागे कुणी नाही बघून ब्रेक दाबते, काटा कुठे थांबतो ते बघते. आल्यावर चाकांचे नट पुन्हा आवळते आणि रात्री इंजिनखाली कोरा पुठ्ठा सरकवते. सकाळी त्यावर थेंब असेल तर काळा म्हणजे ऑईल, हिरवा म्हणजे कूलंट, पिवळसर आणि बोटाला निसरडा म्हणजे ब्रेक फ्लुइड. या शेवटच्या थेंबाला गाडी हलवायचीही नाही, चाचांनाच बोलवायचं. पुठ्ठा कोरडा असेल तर तारीख, किलोमीटर आणि काय केलं ते लिहून वही पुन्हा डॅशबोर्डच्या कप्प्यात.